ठमीची उबळ : प्रकल्प नोंदी

९ मार्च

आजपासून ही वही. काल रात्री अडीचला पुन्हा तेच, पलंगाखालून हक् हक् हक् असा आवाज, मी उठून लाइट लावेपर्यंत आमच्या मांजरीने, ठमीने, सतरंजीवर केसांचा गोळा काढूनही टाकला होता आणि काहीच झालं नाही अशी पंजा चाटत बसली होती. महिन्याभरातली ही तिसरी की चौथी वेळ, आणि तेच खटकून राहिलं, की तिसरी की चौथी हे मला नक्की सांगता येत नाही. आईला विचारलं तर आई म्हणते, "तिसरी कुठची, पाचवी असेल." म्हणून ठरवलं, जे होईल ते त्याच दिवशी लिहायचं.

ठमीबद्दल आधी. वय अंदाजे सहा वर्षं, वजन ४.१ किलो, पांढरी, कानामागे आणि शेपटीवर करडी, केस लांब, अर्धी पर्शियन असावी. नागपुरात, मानेवाड्यात आमच्याच गेटपाशी पावसात भिजत बसली होती तेव्हा तळहातावर मावत होती. ऑपरेशन झालेलं, लसी झालेल्या. घरातच असते, फार तर मागच्या गॅलरीत. दोन वेळ कोरडं खाणं, मधून मधून उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-कांदा काही न घालता.

रकाने पाडले: तारीख, वेळ, काय निघालं, लांबी, खाणं, शी झाली का.

१२ मार्च

म्हणायला गोळा, पण गोल नसतोच तो. आज सकाळी गॅलरीच्या दारात सापडला तो साडेसहा सेंटीमीटर लांब, करंगळीएवढा जाड, दोन्ही टोकांना निमुळता, समईची वात वळून पिवळ्या पाण्यात बुडवावी तसा. पोटात केसांचा नुसता गुंता असतो, अन्ननलिकेतून वर येताना दाबला जाऊन त्याची अशी वळकटी होते. डॉक्टरी भाषेत याला ट्रायकोबेझोआर म्हणतात, त्यातला बेझोआर मूळ फारसी पादजहर, म्हणजे विषावरचा उतारा. जनावरांच्या पोटात सापडणारे असले खडे-गोळे पूर्वी लोक विष उतरवायला म्हणून जपून ठेवायचे. आपलं जहर ते हेच.

तर तो मी जुन्या बशीत पाण्यात टाकला आणि दोन टूथपिकनी सोडवत बसले. आई म्हणाली, "काय करून राहिली गं सकाळी सकाळी, शी!" पण सोडवलं ते बरं झालं. नव्वद टक्के तिचेच पांढरे केस, नमद्यासारखे एकमेकांत बसलेले. दोन लांब काळे केस माझे. केरसुणीची एक काडी. आणि मधोमध गुंडाळलेला मरून रंगाचा दोरा, सरळ केला तर नऊ सेंटीमीटर.

दोरा पाहून माझे हातपाय गार पडले. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते, मशीन बाहेरच्या खोलीत, दोऱ्याचे तुकडे खाली पडतातच. केसांपेक्षा दोरा कितीतरी वाईट. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी नाहीतर जठरात अडकतं, बाकीचा आतड्यात उतरतो, आणि आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं, परकराची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडतात नं, अगदी तसं, आणि मग ताणलेला दोरा आतड्याला कापतो. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं, कारण दुसरं टोक कुठे अडकलंय ते आपल्याला दिसत नाही. ठमीचा पूर्ण बाहेर आला हे नशीबच म्हणायचं.

१३ मार्च

आईने स्वतःहून मशीनखाली पत्र्याचा डबा ठेवला. तुकडा तोडला की डब्यात, झाकण बंद. मी काही बोलायच्या आधीच.

२० मार्च

ब्रशला एक आठवडा झाला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, आधी बारीक तारांचा ब्रश, मग स्टीलच्या दातांची कंगवी, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आत ती चावायला येते तिथे दोनच हात मारून सोडून देते, जबरदस्ती केली तर दुसऱ्या दिवशी ब्रश पाहूनच पळते. निघालेले केस डबीत जमा करून आज दादाच्या कॉफी मोजायच्या काट्यावर तोलले, ७.२ ग्रॅम. आकड्यात कमी वाटतं पण केस इतके हलके की डबी दाबून दाबून भरावी लागली. यातलं बरंचसं नाहीतर तिच्या पोटात गेलं असतं.

पोटात का जातं, तर जिभेमुळे. मांजराच्या जिभेवर काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची तशाच केराटिनचे, आणि सगळे घशाकडे वळलेले. २०१८ मध्ये जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी दाखवलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात, चमच्यासारखी, त्यात लाळ धरली जाते आणि ती केसांच्या पार आतपर्यंत पोचते. मला हे वाचून ठमी चाटायला बसली की तिच्याकडे बघतच बसावंसं वाटतं. पण काटे आत वळलेले असल्यामुळे जिभेला लागलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केसही केराटिनच, पचत नाही. बहुतेक केस शीवाटे निघून जातात, राहिलेल्यांचा गुंता होतो. माणसाच्या आणि कुत्र्याच्या रिकाम्या पोटात मधूनमधून एक जोराची लाट येऊन जठर झाडून काढते, मांजरात ती लाट वेगळी आणि कमी जोराची असते, म्हणून लांब केस मागे राहत असावेत असं मानतात.

२८ मार्च

कूलर काढला. वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या, दिवसभर घरात धूळ. ठमी कपाटावर.

२ एप्रिल

मार्चचा हिशोब. ९ तारखेपासून केस निघाले तीन वेळा, त्यातले दोन ब्रश नियमित सुरू व्हायच्या आधीचे. म्हणजे ब्रशचा फायदा दिसून राहिला. पण २५ नंतर नुसतीच उबळ, काहीच निघालं नाही, असं पाच वेळा. वहीत मी दर वेळी "प्रयत्न, निघाला नाही" असं लिहिलंय. अडकलाय की काय अशी भीती वाटली म्हणून दवाखान्यात फोन केला. तिथून सांगितलं, केसाचंच आहे, उन्हाळ्यात झडतातच, माल्टची पेस्ट द्या. मी म्हटलं आणून दाखवू का, तर म्हणाले गरज नाही. दोन मिनिटांत फोन संपला.

अडकल्याची लक्षणं मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहेत: खाणं बंद, शी बंद, पुन्हा पुन्हा उलटी, पोट फुगलेलं किंवा हात लावू न देणं, कोपऱ्यात लपून बसणं. यातलं एकही दिसलं तर फोन करत बसायचं नाही, उचलायचं आणि जायचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्येच चरबी साठायला लागते, म्हणून "एक दिवस वाट पाहू" हे मांजरांच्या बाबतीत चालत नाही. ठमीत मात्र यातलं काहीच नाही. खाते, खेळते, शी रोज.

६ एप्रिल

पेस्ट आवडली, बोटावरून चाटते. शेजारच्या काकू वाटीत एरंडेल घेऊन आल्या, "चमचाभर पाज, उद्या साफ." त्यांचा जीव आहे ठमीवर, मी वाटी ठेवून घेतली पण पाजलं नाही. तेल तोंडात ओतलं आणि ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात साठून न्यूमोनिया होतो, आणि तो लवकर बरा होणारा नसतो. काकूंना नीट समजावून सांगितलं, त्यांनाही पटलं, म्हणाल्या, "आम्ही तर लेकरांनाही असंच पाजत होतो बाप्पा."

कोरडं खाणं अर्ध्यावर आणून संध्याकाळी ओलं सुरू केलं. कोरड्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, ओल्यात पाऊण हिस्सा पाणीच, आणि ठमी भांड्यातलं पाणी फार कमी पिते. बाहेर ४२ आहे.

११ एप्रिल

आज वही चाळताना लक्षात आलं की एक रकाना चुकीचा पडलाय. मी "केसांची उबळ" या एकाच नावाखाली सगळं लिहून राहिले, निघालं तरी तेच आणि नाही निघालं तरी तेच. म्हणजे काय होतंय ते न बघताच मी त्याला नाव देऊन टाकलं. आजपासून दोन रकाने: "केस निघाले" आणि "काहीच निघालं नाही". मागचं सगळं वेगळं काढलं. केस निघण्याच्या वेळा कुठल्याही, दुपार, पहाट, काही मेळ नाही. काहीच न निघण्याच्या वेळा मात्र: ७.२०, ७.४०, ५.०५, ७.३०, ४.५०, ७.१५, ७.३५, ५.१०. संध्याकाळी सातनंतर किंवा पहाटे पाचच्या आसपास.

केसांना घड्याळ कसं कळेल?

१९ एप्रिल

व्हिडिओ मिळाला. मोबाइल चार्जिंगवर ठेवून आठ दिवस वाट पाहिली, आज ७.२५ ला सोफ्याजवळ सुरू झालं, ३४ सेकंद पूर्ण आलं. त्याआधी मंगळवारचा एक आहे ज्यात खरंच केस निघाले. दोन्ही लागोपाठ दहा वेळा तरी पाहिले. आवाज जवळजवळ सारखा, पण शरीर वेगळं आहे. दादाला पाठवले, तो पुण्याहून म्हणाला, "अगं हे खोकल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं मांजर कुठे खोकते. खोकते.

२१ एप्रिल

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, फक्त व्हिडिओ आणि वही घेऊन, ठमीला उन्हात काढलंच नाही, त्यांनीच फोनवर सांगितलं होतं की आधी व्हिडिओ दाखवा. त्यांनी पहिल्यांदा आवाज बंद करून पाहिला. मग टेबलावर दोन्ही कोपरं बाहेर काढून, मान पुढे लांबवून, खाली वाकून मला तसंच करून दाखवलं, मोठा माणूस, पांढरे केस, बाहेर पाच लोकं थांबलेली, आणि ते मांजर होऊन दाखवत होते.

"ताई, शेवट पहा," म्हणाले. "शेवट काय होतो ते पहा."

केसांच्या वेळी: आधी ओठ चाटते, लाळ गळते, पोट लाटेसारखं आत-बाहेर होतं, तोंड मोठं उघडतं, आणि बाहेर येतं. खोकल्याच्या वेळी: अंग जमिनीला टेकवून बसते, मान सरळ पुढे, पोट त्या मानाने स्थिर, आणि सगळं झाल्यावर एक आवंढा गिळते आणि उठून चालायला लागते. तो आवंढा. मी महिनाभर तो पाहून राहिले आणि दर वेळी "गोळा परत आत गेला" असं समजून राहिले. वर आलेला कफ गिळते ती.

वहीतल्या वेळा पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "संध्याकाळी सात वाजता घरात काय होतं?"

मी म्हटलं दिवाबत्ती.

२४ एप्रिल

एक्स-रे. सकाळी सातची वेळ मागून घेतली, ऑटोत पिंजऱ्यावर ओला पंचा टाकला, मानेवाडा ते सेमिनरी हिल्स, परत यायला साडेनऊ झाले तर ऊन चटके देत होतं. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून धापा टाकत नसतं, तोंड उघडून श्वास घेताना दिसलं तर ती इमर्जन्सी, आणि चपट्या नाकाच्या मांजरांना तर उष्माघात पटकन होतो, म्हणून पूर्ण रस्ता पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून बसले होते. तिने ते चाटलं दोनदा.

फोटोत श्वासनळ्यांच्या भिंती जाड दिसतात. आडव्या कापात बारीक कड्या, उभ्यात दोन समांतर रेषा, रेल्वेच्या रुळासारख्या, डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवल्यावर मलाही दिसल्या. फुप्फुसातल्या जंतांचं औषध आधी देऊन ती शंका मिटवायची, रक्त तपासलं. पण त्यांचं मत दम्याचं. मांजरांना माणसासारखाच दमा होतो: श्वासातून काही आत गेलं की नळ्या सुजतात, आवळतात, कफ होतो. पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो. दुर्लक्ष केलं तर एखाद्या दिवशी श्वासच अडकतो.

टाळायचं ते: धूर कुठलाही, उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, रूम फ्रेशनर, धूळ उडणारी लिटर, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू. आम्ही पलंगाखाली कॉइल लावत होतो. पलंगाखाली. ती झोपते तिथे. पहाटे पाचचं उत्तर ते.

केसांचं आणि याचं एकमेकांशी काही नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, आणि एक माहीत असल्यामुळे दुसरी दिसलीच नाही.

२५ एप्रिल

कॉइल बंद, खिडक्यांना जाळी मारायला माणूस सांगितला. लिटर बदलून लाकडाच्या गोळ्यांची आणली. कूलरच्या ताट्या बादलीत बुडवून धुतल्या, टाकीचं पाणी आता एक दिवसाआड बदलायचं.

राहिला धूप. हे आईला कसं सांगायचं म्हणून मी दिवसभर गप्प होते. बाबा गेल्यापासून रोज सातला धूप लावून हात जोडून पाच मिनिटं उभी राहते ती, या घरात तेवढा एकच वेळ पूर्ण तिचा आहे. एक्स-रे तिला दाखवला, त्या कड्या दाखवल्या, धुपाचं नाव काढलं नाही. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. सातला देवघरात गेली, निरांजन लावलं, कृष्णकमळ वाहिलं, धुपाचं पाकीट उचलून काकूंकडे देऊन आली. आल्यावर म्हणाली, "देवाला वास फुलाचाही चालतो." ठमी उंबऱ्यावर बसली होती. खोकली नाही.

३० एप्रिल

इन्हेलर. औषध फ्लुटिकासोन, माणसांचंच, मेडिकलमधून. त्याला लहान बाळांचा मास्कवाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी. पंपातलं औषध नळीत सोडायचं, मास्क तिच्या नाका-तोंडावर ठेवायचा, आठ-दहा श्वास मोजायचे, नळीतला पडदा हलतो तो एक श्वास. पूर्ण असर व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर स्टेरॉइडची गोळी, आणि ती गोळी मनाने अचानक बंद करायची नाही हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

पहिल्या दिवशी मास्क पाहूनच कपाटावर. मग पाच दिवस औषध नाहीच, नुसता मास्क जमिनीवर आणि त्यात पेस्टचा ठिपका. मग मास्क हातात, त्यात ठिपका. मग नाक आत, एक सेकंद, दोन सेकंद. काल पंपाचा फुस्स आवाज लांबून ऐकवला. आज पहिल्यांदा सात श्वास. इथे घाई केली असती तर सगळं गेलं असतं.

९ मे

खोकला आठवड्यात एकदा. ब्रश चालूच, ५.८ ग्रॅम. चतुर्थीला आणलेल्या दुर्वा खाल्ल्या तिने ताटातून, आईने उरलेल्या मुद्दाम तिच्यापुढे ठेवल्या.

२७ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. ४५ च्या वर, रात्रीही भिंती तापलेल्या, काल दोन तास लाइट नव्हती. झोपेतले श्वास मोजून राहिले रोज, ती गाढ झोपली की छातीकडे बघत तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. झोपेत मिनिटाला तीसच्या खाली हवेत. २४ एप्रिलला ३८ होते. या आठवड्यात: २६, २४, २५, काल लाइट गेली तेव्हा ३१, आज पुन्हा २४. काल आईने आणि मी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घातला, फरशीवर ओला पंचा टाकला, ती त्याच्यावर आडवी पडून राहिली.

गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. इन्हेलर दोन वेळा.

१४ जून

पाऊस आला. पाच आठवडे "काहीच निघालं नाही" हा रकाना कोरा. "केस निघाले" हाही कोराच होता, आज पहाटेपर्यंत.

पावणेसहाला आवाज आला आणि आम्ही दोघी एकदम उठलो. लाइट लावला. ठमी दारापाशी उभी, बसलेली नाही, ओठ चाटत होती, लाळ, पोट आत-बाहेर. आई पलंगावरून वाकून बघत होती, म्हणाली, "लांब नाही केली गं मान, पाहा, लांब नाही केली." मग निघालं. आवंढा नाही.

लांबी ४.५ सेमी. बशीत सोडवलं. पांढरे केस, दुर्वेचं एक पातं. दोरा नाही.